सावल्यांच्या नकाशाची मूळ प्रत

माझा नातू कैवल्य चौदा वर्षांचा असताना त्याने मला एक नकाशा काढून दिला होता. त्या नकाशाने गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात जो गोंधळ घातला, तो सांगायला बसले आहे.

तेव्हा मी नुकतीच दोह्याला आले होते. हे गेल्यानंतर सहा महिन्यांनी आमच्या सुशांतने नाशिकच्या घराला कुलूप लावलं आणि मला इकडे आणलं. अल सद्दमध्ये चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. सुशांत गॅस कंपनीत इंजिनिअर, सून भैरवी एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट, कैवल्य शाळेत. सकाळी सात वाजता तिघंही घराबाहेर पडायची आणि मी उरायचे.

नाशिकला मी रोज चालत जाऊन दूध आणि भाजी आणत असे. इथेही खाली कोपऱ्यावरून वळून दोन गल्ल्या गेलं की एक बकाला आहे, म्हणजे आपलं किराणा दुकान. मे महिन्यात एकदा दहा वाजता कोथिंबीर आणायला गेले आणि लाल होऊन परत आले. गरगरायला लागलं म्हणून जिन्याशी बसले, तिथे वॉचमनने पाहिलं आणि सुशांतला फोन केला.

"आई, इथे कुणी चालत नाही," सुशांत म्हणाला. "गाडी काढू ना आपण."

"कोथिंबिरीसाठी गाडी?"

"मग फोनवरून मागव. पाच मिनिटांत येते."

"येते रे. पण मग मी कुठे जाऊ?"

यावर उत्तर कैवल्यकडे होतं. तो टेबलाशी बसून दूध पीत होता. म्हणाला, "आजी, यू कॅन गो. फक्त राइट साइडने जायचं."

दुसऱ्या दिवसापासून तो वही घेऊन गल्लीत फिरायला लागला. सकाळी शाळेच्या बसआधी, दुपारी बसमधून उतरल्यावर, सुट्टीच्या शुक्रवारी तर दर तासाला. महिन्याभराने त्याने एका मोठ्या जाड कागदावर आमच्या दारापासून बकालापर्यंतचा रस्ता काढला. कुठल्या वेळी कुठल्या फुटपाथवर सावली असते ते निळ्या पेन्सिलीने. टेकायला जागा कुठे आहे. औषधाच्या दुकानात दाराजवळ खुर्ची असते, तिथे बसलं तर कुणी काही म्हणत नाही. शिंप्याच्या दुकानाबाहेर एसीची गरम हवा अंगावर येते, तिथे फुली. खाली बारा महिन्यांचे रकाने, ते त्याने पुढे वर्षभरात एकेक करून भरले. सूर्य जागा बदलतो तशी सावली फुटपाथ बदलते, हे मी सत्तर वर्षं बघत आले होते, पण कधी लक्षात घेतलं नव्हतं. डिसेंबर-जानेवारीच्या रकान्यात त्याने सावलीऐवजी ऊन दाखवलं होतं, पिवळ्या पेन्सिलीने. का, तर थंडीत आजीचे गुडघे दुखतात.

जुलै-ऑगस्टचे रकाने मात्र कोरे होते. त्या दोन महिन्यांत आम्ही नाशिकला असायचो.

हा नकाशा फ्रिजच्या दारावर चार चुंबकांनी लावलेला असे. दर वर्षी कैवल्य त्यात खाडाखोड करी. नवी इमारत उभी राहिली की सावली वाढे, जुनी पाडली की एक तुकडा उघडा पडे. तीन वर्षं मी त्या कागदाच्या भरवशावर अल सद्दमध्ये चालले. दोह्यात रोज पायी जाणारी म्हातारी म्हणून बकालावाला खलील मला ओळखायला लागला. मी दिसले की म्हणायचा, "आइए अम्मा, आज किस साइड से आए?"

आता गेल्या डिसेंबरची गोष्ट.

कैवल्यला अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजात भूगोल शिकायचा होता. व्हरमॉन्ट नावाच्या राज्यात, डोंगरात. भूगोल म्हटल्यावर सुशांतने आधी वर्षभर वाद घातला, मग तो विरघळला, आणि एकदा विरघळल्यावर कैवल्यपेक्षा त्यालाच जास्त घाई झाली. त्या कॉलेजात पहिल्या फेरीत अर्ज करायची सोय होती. नोव्हेंबरात अर्ज गेला. उत्तर डिसेंबरच्या मध्याला आलं. इथला राष्ट्रीय दिन जवळ आला होता, समोरच्या इमारतीवर वरपासून खालपर्यंत झेंडा सोडला होता. मी पोहे वाढत होते. कैवल्य फोन हातात धरून उभा राहिला तो उभाच.

"काय रे?" भैरवीने विचारलं.

"डिफर्ड."

"म्हणजे नाही?"

"नाही पण नाही. हो पण नाही. मार्चमध्ये बाकी सगळ्यांबरोबर परत बघणार."

सुशांतने फोन घेऊन पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाला, "म्हणजे फॉलो-अप करायला पाहिजे."

हा सुशांतचा स्वभाव. व्हिसा असो, पासपोर्ट असो, गाडीचा पार्ट असो, तो रोज फोन करतो आणि काम होतं. त्याला वाटलं, इथेही तसंच. संध्याकाळपर्यंत त्याने ठरवून टाकलं होतं की कॉलेजला दर आठवड्याला मेल करायची, कैवल्यची पहिलीपासूनची सगळी प्रमाणपत्रं पाठवायची, आणि त्याच्या कंपनीतल्या एका मोठ्या साहेबांकडून शिफारसपत्र आणायचं.

"ते साहेब मला ओळखतात?" कैवल्यने विचारलं.

"पिकनिकला भेटलेत ना तुला."

"बाबा, आय वॉज नाइन. मी त्यांच्या शूजवर ज्यूस सांडला होता."

"मग लक्षात असेल तू त्यांच्या," भैरवी म्हणाली. मी हसले. सुशांत हसला नाही.

दोन दिवसांनी शाळेच्या समुपदेशक विजयालक्ष्मी मॅडम लॅपटॉपवर आमच्याशी बोलल्या. बाई चेन्नईच्या, इंग्रजीत बोलत होत्या, पण इतकं सावकाश की मला प्रत्येक शब्द कळला. त्या म्हणाल्या, आधी कैवल्यने स्वतःला विचारावं की हेच कॉलेज अजून हवंय का. हवं असेल तर एक पत्र लिहावं. एकच, एक पानाचं. अर्ज गेल्यानंतर नवीन काय घडलं ते त्यात सांगावं, जुनं पुन्हा सांगू नये. सहामाहीचे मार्क शाळा पाठवेल. शिफारस हवीच असेल तर अशा माणसाची, जो त्याला खरंच ओळखतो. आणि जानेवारीच्या आत बाकीच्या कॉलेजांचे अर्ज भरून टाकावेत, एकाच दारापाशी बसून राहू नये.

"आणि सर," त्या सुशांतला म्हणाल्या, "घरच्यांनी कॉलेजला काही लिहू नये. प्लीज. त्याने मुलाचं नुकसान होतं."

सुशांतने मान हलवली. मी मागे सोफ्यावर मेथी निवडत बसले होते. मीसुद्धा हलवली.

मॅडमचं बोलणं मला पटलं होतं, कारण मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आयुष्य काढलं आहे. नाशिक जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात मी चौतीस वर्षं आवक-जावक लिपिक होते. आलेलं प्रत्येक पत्र फोडायचं, शिक्का मारायचा, वहीत नोंद करायची, ज्याच्या त्याच्या टेबलावर पाठवायचं. गेलेल्या पत्राला क्रमांक द्यायचा. साहेबांच्या टेबलावर तीन ट्रे असायचे. एक मंजूर, एक नामंजूर, आणि मधला. मधल्या ट्रेमधल्या फायली वाईट नसायच्या. त्यांच्यात एखादा कागद कमी असायचा, नाहीतर साहेबांना त्या माणसाचा अंदाज आलेला नसायचा.

"तू मधल्या ट्रेमध्ये आहेस," मी कैवल्यला सांगितलं.

"ग्रेट," तो म्हणाला. "किती वर्षं असतात तिथे?"

"काही काही रिटायर होईपर्यंत."

"आजी!"

पण तो हसला, आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवला.

पत्र मात्र जमेना. शाळेला सुट्टी लागली. सकाळी तो बाकीच्या सहा कॉलेजांचे अर्ज भरायचा आणि दुपारी हे पत्र घेऊन बसायचा. मला वाचून दाखवायचा. इंग्रजी सुंदर होतं. आपल्या महाविद्यालयाविषयी मला अपार ओढ आहे, आपल्या परिसरातील विचारमंथनात सहभागी होण्यास मी उत्सुक आहे, अशा अर्थाचं.

"कसं आहे?"

"चांगलं आहे."

"आजी, खरं सांग."

"अशी पत्रं मी दिवसाला चाळीस फोडायचे," मी म्हटलं. "शिक्का मारेपर्यंत विसरून जायचे."

त्याने लॅपटॉप मिटला. "नवीन काय घडलं ते लिहा म्हणतात. वन मंथमध्ये काय घडणार? मी अभ्यास केला. जेवलो. झोपलो."

त्याच दुपारी मला कौलाची गोष्ट आठवली. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची शाळा गळत होती. तिथल्या गुरुजींनी दोन वर्षांत अकरा अर्ज केले, सगळे माझ्या हातून गेले. प्रत्येक अर्जाला जोडपत्रं, पंचनामे, सह्या. फाईल मधल्या ट्रेमध्ये. बाराव्या वेळी गुरुजींनी अर्ज पाठवला नाही. एसटीने एक खोकं आलं, त्यात फुटक्या कौलाचा तुकडा आणि चिठ्ठी, हे काल तिसरीच्या वर्गात पडलं, मुलं सुदैवाने जेवायला गेली होती. साहेबांनी तो तुकडा टेबलावर ठेवला. महिन्याभरात छप्पर मंजूर झालं. वस्तू बोलते ते अकरा अर्ज बोलत नाहीत, हे मी त्या दिवशी शिकले.

आणि माझी नजर फ्रिजकडे गेली.

मी काय केलं ते सरळ सांगते. त्या नकाशाची आधी सुशांतच्या प्रिंटरवर प्रत काढली. पेन्सिलीचा निळा रंग उमटलाच नाही, खाडाखोड नुसती मळकट दिसत होती. कैवल्यने मोठ्या कागदावर केलेलं ते काम त्या पांढऱ्या पानावर मेल्यासारखं वाटलं. मूळ प्रत कधीही हातची जाऊ द्यायची नाही, हे मी नव्या लिपिकांना पहिल्या दिवशी सांगत असे. पंचाहत्तराव्या वर्षी मीच ते विसरले. विसरले कसली, समजून उमजून केलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी घरात कुणी नसताना मी नकाशा उतरवला, गुंडाळला, आणि आमच्या ओळखीच्या टॅक्सीवाल्याला, इम्रानला, फोन केला. तो मूळचा लाहोरचा, भैरवीला कधीकधी दवाखान्यात सोडतो.

"अम्माजी अकेले? साहब को पता है?" त्याने विचारलं.

"साहब को सरप्राइज है।"

"फिर तो मेरी भी शामत है," तो म्हणाला, पण त्याने मला पोस्टात नेलं आणि पावती मिळेपर्यंत रांगेत माझ्याबरोबर उभा राहिला.

रजिस्टर केलं. आणि पत्राशिवाय टपाल पाठवायची मला सवय नाही, म्हणून वर एक कागद जोडला. मॅडमनी लिहू नका म्हटलं होतं. मी स्वतःला समजावलं की हे लिहिणं नव्हे, ही नुसती जोडचिठ्ठी. इंग्रजीतच लिहिली होती, मराठीत सांगायची तर अशी: विषय, कैवल्यचं नाव आणि अर्ज क्रमांक. सोबत नकाशा एक, मूळ प्रत. अर्जदाराने वय वर्षे चौदा असताना तयार केला, तीन वर्षे वापरात आहे. कृपया पोच द्यावी. आपली विश्वासू.

मी नकाशा उतरवल्याचं दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. शनिवारी सकाळी कैवल्य दूध काढायला गेला आणि फ्रिजसमोर थांबला.

"आजी, मॅप कुठे आहे?"

मी कढी ढवळत होते. ढवळतच राहिले.

"आजी."

"पाठवला."

"कुठे?"

"तुझ्या कॉलेजला. रजिस्टरने. मधल्या ट्रेमधून फाईल हलायची असेल तर..."

"टेल मी यू डिडन्ट."

मी पावती दाखवली. त्याने ती हातात घेतली नाही. सुशांत आणि भैरवी बाहेर आले. सुशांत माझ्यावर ओरडला नाही, एवढंच म्हणाला, "आई, मॅडम काय म्हणाल्या होत्या? मी त्या साहेबांना नको म्हणून सांगितलं. आणि तू?"

खरं तर त्यानं ओरडायला हवं होतं.

कैवल्य मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडकला होता. "मी तो अर्जात टाकला नव्हता," तो म्हणाला. या वेळी पूर्ण मराठीत बोलला. "मॅडमनी विचारलं होतं, काही प्रोजेक्ट आहे का तुझा. मी नाही म्हटलं. तो प्रोजेक्ट नव्हता. तुझा होता तो."

मला वाटलं होतं की त्याला त्याची किंमत कळली नाही म्हणून त्याने तो पाठवला नाही. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळली होती.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी केलेला चहा टेबलावर साय धरून पडे. मी त्या दोन दिवसांत बकालाकडे गेले नाही. रस्ता मला पाठ होता, जानेवारीत उन्हाची भीतीही नव्हती. पण पाऊल निघेना. मनात एकच हिशेब चालला होता, आमच्या साहेबांपुढे अशी घरच्या माणसाने पाठवलेली वस्तू आली असती तर त्यांनी काय केलं असतं. एखाद्याने टेबलावर ठेवली असती. दुसऱ्याने फाईलवर लाल शेरा मारला असता, वशिल्याचा प्रयत्न. चौतीस वर्षांत दुसरी जात मी जास्त पाहिली होती.

तिसऱ्या दिवशी कैवल्यने विजयालक्ष्मी मॅडमना फोन लावला आणि मला शेजारी बसवलं. "यू एक्सप्लेन," म्हणाला.

मी माझ्या जिल्हा परिषदेच्या इंग्रजीत सगळं सांगितलं. कौलाच्या तुकड्यासकट. मग मॅडमच्या घशातून एक विचित्र आवाज आला. बाई हसत होत्या.

"सॉरी, सॉरी," त्या म्हणाल्या. मग गंभीर झाल्या. "जे गेलं ते आता परत बोलावता येत नाही. लपवूही नका. कैवल्य, तू तुझं पत्र अजून पाठवलेलं नाहीस ना? त्यांना खरं काय ते लिही."

"खरं काय लिहू?"

"तुला आत्ता त्यांच्याकडून काय हवंय?"

कैवल्य माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅप परत हवाय."

"मग तिथून सुरू कर."

त्या दुपारी तो खोलीत गेला आणि तासाभरात बाहेर आला. तीन आठवडे जमत नव्हतं ते पत्र. त्याने ते मला वाचून दाखवलं. मी ते इतक्या वेळा ऐकलं आहे की मराठीत जवळजवळ जसंच्या तसं सांगू शकते.

"तुमच्याकडे माझ्या आजीने एक नकाशा पाठवला आहे. मला न विचारता. ती चौतीस वर्षं सरकारी कचेरीत टपाल सांभाळत होती आणि तिला वाटतं की माझ्या फायलीत एक कागद कमी आहे. कदाचित तिचं खरं असेल, पण तो कागद माझा नाही, तिचा आहे. तो तिला दूध आणायला जाण्यासाठी लागतो. इथे आत्ता थंडी आहे म्हणून घाई नाही, पण एप्रिलपासून पूर्वेकडच्या फुटपाथची सावली साडेआठलाच संपते आणि तिला ते महिनावार बघावं लागतं. कृपया तो एप्रिलच्या आधी परत पाठवावा. त्यात दोन चुका आहेत. औषधाच्या दुकानाची खुर्ची आता आत नेली आहे, आणि नोव्हेंबरात शाळेमागची भिंत पाडल्याने तिथे सावली उरलेली नाही. अर्ज केल्यानंतर माझ्या आयुष्यात नवीन घडलेली गोष्ट विचाराल तर ती भिंत. मला तुमच्याकडे यायचं आहे, कारण एखादा रस्ता कुणाला चालता येतो आणि कुणाला येत नाही, हे कसं शोधायचं ते मला नीट शिकायचं आहे. आत्तापर्यंत मी ते एकाच माणसासाठी केलं आहे."

मी पदराने डोळे पुसले. "तुझ्या आजीचं नाव खराब केलंस तू अमेरिकेत," मी म्हटलं.

"डिझर्व्ह करतेस तू," तो म्हणाला आणि साय धरलेला चहा उचलून तसाच पिऊन टाकला.

सुशांतने पत्र वाचलं. त्यात कुठेही बक्षिसं नव्हती, टक्के नव्हते. तो काहीतरी म्हणणार होता, भैरवीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग त्याने शेवटी एकच भर घालायला सांगितली: परतीचा पत्ता म्हणून त्याच्या ऑफिसची टपालपेटी. इथे पत्रं दारावर येत नाहीत, पेटीत येतात.

फेब्रुवारी गेला. बाकीच्यांपैकी दोन कॉलेजांचं उत्तर आलं, एक नाही, एक हो. हो म्हणणारं कॉलेज बरं होतं, पण कैवल्यने ती मेल वाचून जेवणाच्या ताटाशेजारी फोन उलटा ठेवला. हेच कॉलेज अजून हवंय का, या मॅडमच्या पहिल्या प्रश्नाचं त्याचं उत्तर काय आहे ते मला त्यावरून कळलं. माझ्यामुळे ते दार बंद झालं असेल तर, हा विचार भात कालवताना, देवापुढे बसताना, सारखा यायचा. मी घरात कुणाला बोलले नाही. मार्च उजाडला तशी हवा तापायला लागली. फ्रिजच्या दारावर चार चुंबकं मोकळीच होती. ती काढायची कुणाला सुचली नाही.

सुशांत ऑफिसातून रोज जरा उशिरा यायला लागला होता. मी कारण विचारलं तर म्हणे ट्रॅफिक. मग मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो एक जाड पुठ्ठ्याचं पाकीट घेऊन आला आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"दोन महिने रोज पेटी बघतोय," तो म्हणाला. "पेटीजवळचा माणूस मला बघून आता लांबूनच हात हलवतो, खलास, काही नाही म्हणून. आज त्यानेच फोन केला."

पाकीट कैवल्यने उघडलं. नकाशा पातळ कागदात गुंडाळलेला, एकही घडी पडलेली नव्हती. त्याच्याबरोबर आणखी दोन कागद होते. एक माझ्या जोडचिठ्ठीची प्रत. तिच्या वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा शिक्का होता, मिळाले, जानेवारी एकवीस. खाली कुणाचीतरी आद्याक्षरं. थोडा तिरका, घाईत मारलेला. असा शिक्का मी लाखभर वेळा मारला असेन.

"पोच दिली त्यांनी," मी म्हटलं.

"आजी, आर यू क्रायिंग अबाउट द स्टॅम्प?"

"तुला नाही कळायचं."

दुसरा कागद हाताने लिहिलेली चिठ्ठी. प्रवेश विभागातल्या एका बाईंची. कैवल्यने वाचून दाखवली. नकाशाची रंगीत प्रत आम्ही फायलीत ठेवली आहे, मूळ प्रत फ्रिजवर लावावी. निर्णयाविषयी मी इथे काही सांगू शकत नाही. पण एक विचारते, जुलै आणि ऑगस्टमध्ये तुझी आजी काय करते?

त्याने त्याच संध्याकाळी उत्तर पाठवलं, एका ओळीचं. त्या दोन महिन्यांत आम्ही इथे नसतो, त्यामुळे मला माहीत नाही.

निकाल आठवड्याने आला. सकाळी, पोह्यांच्याच वेळेला. या वेळी कैवल्य बसून होता. वाचता वाचता त्याच्या चेहऱ्यावर काय चाललं आहे ते मला कळेना.

"बोल ना रे," भैरवी म्हणाली.

"हो म्हणतायत." मग म्हणाला, "पण फेब्रुवारीत. सप्टेंबरमध्ये जागा नाही. काही मुलांना ते फेब्रुवारीपासून घेतात."

सुशांतने कपाळावर हात मारला. "पुन्हा थांबा! यांच्याकडे सरळ काही होतच नाही का?"

"हो आहे ना पण?" मी विचारलं. "लेखी आहे ना?"

"लेखी आहे."

"मग झालं. फाईल हलली."

भैरवीने कैवल्यला मिठी मारली आणि सुशांतने त्याच्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली की पोरगं खोकलं. मी साखर आणायला आत गेले. डबा हातात घेऊन थोडा वेळ उभी राहिले. सप्टेंबरऐवजी फेब्रुवारी. पाच महिने. देवाकडे मी हे मागितलं नव्हतं, पण त्याने दिलं तर मी काय नको म्हणणार होते?

त्या उन्हाळ्यात आम्ही नाशिकला गेलो नाही. कैवल्यने तसं ठरवलं. "दोन रकाने राहिलेत," तो म्हणाला, "मला तिथे जाऊन सांगायचं आहे त्यांना."

जुलैचा रकाना त्याने कसाबसा भरला. पहाटे पावणेपाच ते सव्वापाच, तेवढीच वेळ, तीही मधे एकदा टेकून. ऑगस्टमध्ये मी रोज त्याच्याबरोबर खाली उतरत असे. दारातून बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ जमे, चेहऱ्याला ओलं फडकं लावल्यासारखी हवा. सावली होती, पण सावलीतही श्वास घेववत नव्हता. तीन आठवडे त्याने वेगवेगळ्या वेळा करून पाहिल्या. खलील दुकानाच्या दारात उभा राहून ओरडायचा, "यल्ला अम्मा, अंदर आओ, अंदर! बच्चा पागल है।"

महिन्याच्या शेवटी कैवल्यने नकाशा फ्रिजवरून काढून टेबलावर पसरला. मी समोर भाजी चिरत बसले. त्याने ऑगस्टच्या रकान्यात निळी पेन्सिल लावलीच नाही. साध्या पेन्सिलीने लिहिलं, आजीने जाऊ नये, कैवल्य आणेल.

मग तो ते बघत बसला. त्याने खोडरबर घेतलं आणि शेवटचे दोन शब्द पुसले.

"काय झालं?"

"नेक्स्ट ऑगस्टला मी नसेन ना इथे."

पुसलेल्या जागेवर त्याने लिहिलं, नाशिकला जावे. कागद उचलून त्याने चार चुंबकांनी पुन्हा जागेवर लावला, दोन पावलं मागे जाऊन तो सरळ आहे का ते पाहिलं, आणि पिशवी घेऊन कोथिंबीर आणायला खाली गेला.